‘ऊर्जारेषा’, ‘जागृत’ आणि पाण्याची शीर

भुसावळच्या एका वाचकांनी विचारलं आहे: पाटणादेवी, पद्मालय आणि चांगदेव ही आपली खानदेशातली देवस्थानं एकाच ‘ऊर्जारेषे’वर आहेत, असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. ‘लेलाइन’ला, म्हणजे जुनी स्थळं जोडणाऱ्या कल्पित सरळ रेषेच्या इंग्रजी नावाला, हा मराठी शब्द बरोबर आहे का? आणि आपण ज्याला जागृत देवस्थान म्हणतो, ते हेच का?

माझ्या मते दोन्ही नाही. पहिल्याचं कारण ‘ले’ या शब्दाच्या इतिहासात आहे.

इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यातले आल्फ्रेड वॉटकिन्स हे व्यापारी आणि हौशी छायाचित्रकार होते. १९२१ साली त्यांच्या मनात आलं, की जुनी टेकाडं, उभे दगड, चर्च, नदी ओलांडायचे उतार हे सगळं सरळ रेषांत मांडल्यासारखं दिसतं. या रेषा म्हणजे इतिहासपूर्व काळातल्या वाटा असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. एका उंचवट्यावरून पुढचा उंचवटा हेरायचा आणि नाकासमोर चालायचं. मीठ आणि इतर माल नेणारे लोक असेच जात असणार. त्या भागातल्या कितीतरी गावांच्या नावांत ‘ले’ येतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झाडी तोडून मोकळी केलेली जागा. तेच नाव त्यांनी रेषांना दिलं. १९२५ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय वाट हाच आहे. ऊर्जा आली ती १९६९ मध्ये, जॉन मिशेल यांच्या लेखनातून. त्यांनी चीनमधल्या ‘ड्रॅगनवाटां’ची, म्हणजे जमिनीतून वाहणाऱ्या शक्तीच्या मार्गांची कल्पना या रेषांशी जोडली आणि वाटेचा जमिनीतला प्रवाह झाला. तेव्हा ‘ऊर्जारेषा’ म्हटलं की वॉटकिन्स यांनी न केलेला दावा आपण त्यांच्या पदरी घालतो. तो प्रवाह कुठल्या उपकरणाने मोजून सिद्ध झालेला नाही. शिवाय जिथे पावलोपावली जुनी स्थळं आहेत, तिथे नकाशावर पट्टी ठेवली की चार-पाच ठिकाणं रेषेत येतातच.

तुम्ही दिलेली तीन मात्र तेवढीही येत नाहीत. पाटणादेवीपासून चांगदेवपर्यंत सरळ रेघ ओढून पाहा, पद्मालय तिच्या बरंच उत्तरेला राहतं. केदारनाथ ते रामेश्वरम अशी शिवमंदिरं ‘एकाच रेखांशावर’ असल्याचा संदेशही तुमच्यापर्यंत आला असेल. त्यातलं केदारनाथ ७९.०७ अंशांवर आहे आणि कालहस्ती ७९.७ वर. दक्षिणेकडे हा फरक साठ किलोमीटरांहून जास्त भरतो.

याच पाटणादेवीच्या मंदिरात भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडला. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र या स्थळांवरून मेरूपर्यंत जाणारी ‘मध्यरेखा’ भास्कराचार्यांनी सांगितली आहे. (उज्जैनच्या थेट दक्षिणेला खाली आलात, तर भुसावळच लागतं!) ही रेषा गणितासाठी होती, गावोगावचा काळ काढण्यासाठी. पवित्र स्थळांवरून जाणारी रेषा म्हणजे शक्तीचीच, असं आपल्या परंपरेत गृहीत धरलेलं नाही.

आता ‘जागृत’. याचा साधा अर्थ जागा असलेला. देव जागा आहे, हाक ऐकतो, नवसाला पावतो. अहिराणीत ‘हाऊ देव कडक शे’ म्हणतात, तेव्हा चुकलं तर तो शिक्षाही करतो, हे त्यात आलंच. ऐकणं, पावणं, कोपणं ही कुणाची तरी कामं आहेत. सामर्थ्य त्या देवाचं असतं, जमिनीखालच्या प्रवाहाचं नव्हे. म्हणून ‘जागृत’च्या जागी ‘ऊर्जाकेंद्र’ लिहिलं की त्यातला देवच निघून जातो, आणि भाविकाला नेमकं जे म्हणायचं असतं ते नाहीसं होतं. मला हे फार खटकतं.

मग जमिनीतल्या रेषांची कल्पना आपल्याकडे नाहीच का? आहे, आणि मोठी सुंदर आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल अध्यायात सांगितलं, की माणसाच्या अंगात शिरा असतात तशा पृथ्वीतही वरखाली शिरा असतात. झाडं आणि वारुळं पाहून त्या कशा ओळखायच्या, हेही तिथे आहे. आजही बोअर घेण्याआधी कुणी पाणाड्याला शेतात बोलावतं, तो हातातल्या काडीवर किंवा नारळावर ‘शीर’ धरतो. काडीने पाणी सापडतं याला चाचण्यांचा आधार नाही. पण शब्द चौदाशेहून अधिक वर्षं टिकला, आणि तो देवळाचा नव्हे, पाण्याचा आहे. पाश्चात्य लेखकांपैकी काहींनी अशाच काडीने लेरेषा शोधल्या, तेव्हा तुलना करायचीच तर ती ‘शिरे’शी करावी.

आणखी एक रेषा खानदेशाला खरोखरच आहे. तापी खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून वाहते. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाणी येतं, ते भूगर्भातल्या उष्णतेने तापून खडकांच्या भेगांतून वर येतं. झऱ्याशी तीर्थ झालं, लोक तिथे श्रद्धेने अंघोळ करतात. अशा भेगांच्या ओळीला ‘प्रस्तरभंगाची रेषा’ म्हणावं. ‘ऊर्जारेषा’ म्हटलं तर भूगोल आणि श्रद्धा दोन्हींचा घोटाळा होतो.

तर वॉटकिन्स यांच्या कल्पनेबद्दल लिहिताना ‘लेरेषा’ किंवा सरळ ‘लेलाइन’ लिहा. पुढच्या काळातल्या समजुतीबद्दल लिहायचं असेल, तर ‘ऊर्जारेषा मानणारे लोक’ अशी रचना करा, म्हणजे मानणं त्यांचं आहे हे वाक्यातच येईल. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. अनेकवचन ‘लेरेषा’ असंच राहील आणि ‘लेलाइन’चं ‘लेलाइनी’ होईल, रेल्वेच्या ‘लाइनी’सारखं.