टोकन पाठवण्याआधी गाडी बघ

भावा, सेकंडहँड गाडी घेताना नुसते फोटो बघून टोकन (आगाऊ पैसे) पाठवू नकोस. ‘आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला आहे’ ही ठगांची कॅसेट वाजली की सरळ फोन ठेव.

आधी गाडीचा नंबर माग, एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाक. विमा कधीपर्यंत, कर्ज चढलंय का, ते कळतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मालकाचीच, त्याच्या मेहुण्याची नव्हे.

गाडी दिवसाउजेडी बघ, इंजिन थंड असताना. आपल्याकडे खरी भीती पावसात बुडालेल्या गाडीची. मॅट उचलून कारपेटखाली हात घाल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ; टोकाला चिखलाची रेघ दिसली तर किंमत कितीही उतरू दे, निघ तिथून. नवंकोरं सीटकव्हर आणि डोकं उठेल इतका परफ्यूम, मला तर यानेही संशय येतो.

ट्रायलला ठाण्यात घोडबंदरच्या गायमुख घाटात ने, चढावर क्लच लगेच बोलतो. नवी मुंबईच्या सपाट पामबीच रोडवर काय, सगळ्याच गाड्या मख्खन चालतात!

गाडी घेतलीस की विमा १४ दिवसांत नावावर करायला टाक.