नाशिकला पाथर्डी फाट्यावर नवीन फ्लॅट घेतलाय. प्यायच्या पाण्यासाठी आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) बसवावा की उकळलेलं पाणी पुरे?

ताई, तुमच्या प्रश्नात तिघांची तीन मतं आहेत. प्युरिफायर विकायला आलेला मुलगा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारा) बुडवून ‘आरओशिवाय पर्याय नाही’ म्हणतो, सासूबाई पाणी उकळून तांब्याच्या हंड्यात भरायला सांगतात आणि शेजारचे जार मागवतात. घरात तान्हं बाळ आहे म्हणून तुमची घालमेल चाललीय, ती रास्तच आहे. मी अंबडला एका कारखान्यात बरीच वर्षं बॉयलरचं पाणी सांभाळलं आणि आता इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत टाकी-पंपाची कटकट माझ्याच गळ्यात आहे, त्या अनुभवावर सांगतो.

आधी यंत्राचं राहू द्या. वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारा, की आपल्या टाकीत पाणी कुठून येतं आणि कोणत्या महिन्यात कुठून येतं. आपल्या भागातल्या नव्या इमारतींत हे एकच उत्तर नसतं. पावसाळा-हिवाळ्यात महापालिकेचं पाणी पुरतं, मार्चनंतर त्यात बोअरचं मिसळायला लागतात आणि मे महिन्यात टँकर येतो. नळ तोच, पाणी मात्र तीन जातींचं. सेल्समनने ज्या दिवशी मीटर बुडवलं त्या दिवशी टाकीत यांपैकी कोणतं पाणी होतं, हे त्यालाही माहीत नसणार.

महापालिकेचं पाणी म्हणजे मुख्यतः गंगापूर धरणाचं, शिवाय मुकणे आणि दारणेचं. मुकणेचं विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं. धरणात साठलेलं हे पावसाचं पाणी, त्यात क्षार कमीच. आमच्याकडे नुसतं पालिकेचं पाणी असतं तेव्हा मीटर दीडशे-दोनशेच्या आसपास रेंगाळतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस बिनदिक्कत स्वीकारतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं. 500 च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं. कारण साधं आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. धरणाच्या गोड्या पाण्यावर तो चालवायचा, आणि मे महिन्यात पाणीकपातीच्या बातम्या वाचून कपाळाला हात लावायचा!

टीडीएस मीटर नेमकं काय बघतो? पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. क्षार कोणते, ते त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. जुलाब झाल्यावर डॉक्टर देतात त्या ओआरएसमध्ये मीटर बुडवून बघा, आकडा काही हजारांत जाईल. उलट चांगल्या पाण्याच्या घागरीत पेलाभर गटाराचं पाणी मिसळलं तर आकडा जेमतेम हलेल. आजारी पाडणारं पाणी यातलं कोणतं, ते सांगायला नको. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुलेन-बारी या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही पाण्यावर संशय आला तो त्यातल्या जंतूंमुळे. क्षारांचा तिथे प्रश्नच नव्हता.

त्या मुलाने दोन सळया पाण्यात घालून करंट सोडायचा खेळही दाखवला असेल. तुमचं पाणी तपकिरी होतं, खाली गाळ बसतो, त्याच्या आरओचं मात्र स्वच्छ राहतं आणि घरातली मंडळी हादरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, सळईचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी सळई गंजून झरते. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. पुढच्या वेळी त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मग सळया घालायला सांगा. तेही पाणी तांबडं होईल, आणि तो चहा न घेताच निघेल.

पालिकेच्या पाण्याला धोका असतो तो शेवटच्या टप्प्यात. केंद्रातून पाणी क्लोरीन घालून निघतं, पण आपल्याकडे ते दिवसातून थोडाच वेळ सुटतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि कुठे चीर असेल तर आजूबाजूची घाण आत ओढून घेतो. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी. तिचं झाकण उघडून बघा. कडेला भेग, आत झुरळं, शेजारीच ड्रेनेजचं चेंबर, असं दृश्य मी एकाहून जास्त इमारतींत पाहिलंय. हजारो रुपयांची यंत्रं घराघरात आणि टाकी दोन-दोन वर्षं धुतलेली नाही! नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला तर नाक मुरडू नका. नळापर्यंत लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, म्हणजे वाटेत शिरलेल्या जंतूंशी लढायला तो पुरतो. वास नकोच असेल तर पाणी थोडा वेळ उघडं ठेवा, जातो.

म्हणून निव्वळ पालिकेचं पाणी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गाळणारा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा), जोडीला यूएफ (जंतू अडवणारी अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) असेल तर उत्तम, एवढं पुरे. यूव्ही जंतू मारतो, पण पाणी नितळ असलं तरच. पावसाळ्याच्या सुरुवातीला लालसर गढूळ पाणी येतं, तेव्हा मातीच्या कणांआड जंतू लपतात, म्हणून आधीचा फिल्टर वेळेवर बदला. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला म्हणजे काम करतोय असं धरून चालू नका. त्याचा जोर हळूहळू उतरतो, साधारण वर्षाने बदलावा लागतो. यूएफला वीज लागत नाही.

सासूबाईंचंही चुकत नाही. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तशीच राहू द्यायची, जंतूंसाठी तेवढं बस आहे. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. उकळल्यावर हात न बुडवता, झाकून ठेवायचं. ओगराळं किंवा तोटीचं भांडं वापरा. तांब्याचा हंडा घासलेला असेल तर खुशाल वापरा, फक्त त्यात लिंबाचं सरबत किंवा ताक ठेवू नका. तुरटी फिरवली की पाणी निवळतं, पण जंतू मरत नाहीत. ‘अल्कलाइन’ पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. पोटातल्या आम्लापुढे ते काही टिकत नाही.

बोअरचं पाणी असेल तर गणित बदलतं. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतो, त्याने पाणी जड होतं. साबणाला फेस येत नाही, गीझरला पांढरे थर बसतात, तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कारखान्यात या जडपणाने माझी झोप उडायची, कारण बॉयलरची नळी थर बसून फुटू शकते. माणसाला त्याने तसं काही होत नाही, चव मात्र मचूळ लागते. खरी काळजी नायट्रेटची. शेतातलं खत आणि सेप्टिक टँकचा पाझर बोअरमध्ये उतरतो, आणि पाथर्डी-विल्होळीकडे कालपरवापर्यंत शेतीच होती. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्यात सूट नाही. त्याला रंग नाही, वास नाही. यूव्हीने ते जात नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सर्वांत घातक, कारण रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. तुमचं बाळ फक्त अंगावर पीत असेल तर चिंता नाही. वरच्या दुधाची पावडर कालवत असाल तर पाणी कोणतं, हे आज बघा.

नायट्रेट जास्त निघालं तर आरओ घ्याच, मी स्वतः सुचवेन. पण एक गोष्ट पक्की करा. बऱ्याच यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा कॉक असतो. पाणी पांचट लागू नये म्हणून तो आरओतून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. म्हणजे पुढच्या दाराने काढलेलं नायट्रेट मागच्या दाराने आत! तुमच्याकडे तो बंद ठेवायला सांगा. आणि बाहेर टाकलेलं पाणी बादलीत धरा, फरशी आणि संडासाला चालतं, कुंड्यांना नको.

जारचं थोडक्यात: सील आणि आयएस 14543 चा आयएसआय मार्क असेल तरच. गार पाण्याचे जे बिनसीलचे निळे-हिरवे जार टेम्पोतून येतात, त्यांतलं पाणी कुठलं, ते टेम्पोवालाच जाणे.

आता करायचं काम. बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळलं जात असेल तर जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत चौकशी करून नमुना द्या, आणि नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा, टीडीएस, ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एवढं नाव घेऊन तपासायला सांगा. जंतूंच्या तपासणीची बाटली तिथूनच घ्या आणि धुवू नका. तिच्यात पाण्यातला क्लोरीन निकामी करणारं थोडं औषध आधीच घातलेलं असतं. ते धुवून टाकलंत तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहील आणि रिपोर्ट उगाच गोड येईल. नळाचं तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा आणि त्याच दिवशी बर्फात ठेवून पोचवा. बोअरचा नमुना वेगळा आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वेगळा. रिपोर्ट येईपर्यंत पालिकेचं पाणी ज्या वेळेला सुटतं तेव्हा थेट त्या नळाचं भरून उकळा, आणि बाळासाठी तेवढंच वापरा. आकडे आले की इथेच लिहा, यंत्र कोणतं ते मग सांगतो.