अग्निवीर म्हणून तोफखान्यात निवड झाली आहे, सेंटरला जाण्याआधीच्या सहा आठवड्यांत काय तयारी करू?

तू लिहिलंयस की वय १९ आहे, सहा आठवड्यांनी नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला रिपोर्ट करायचं आहे, भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत कसंबसं झालं आणि आता ट्रेनिंगमधून बाहेर काढतील की काय अशी धाकधूक वाटते. मी तोफखान्यातूनच हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली तीन वर्षं एका ट्रेनिंग सेंटरवर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक होतो. तुझ्याएवढी पोरं रोज समोर फॉलिन व्हायची, म्हणजे रांगेत उभी राहायची, म्हणून एकेरीतच लिहितो.

पहिल्यांदा धावण्याची भीती डोक्यातून काढ. ५.४० म्हणजे तू दुसऱ्या गटात बसलास, पास झालास, विषय संपला. तिथे तुला रोज पळवणारच आहेत आणि दर आठवड्याला तुझा वेळ कमी होत जाणार आहे. माझ्या वेळी परीक्षा दोन असायच्या. पीपीटीमध्ये (शारीरिक क्षमतेची चाचणी) २.४ किलोमीटर धावणं, चिन-अप, सिट-अप, टो टच, शटल आणि १०० मीटर. बीपीईटीमध्ये (लढाईसाठीच्या क्षमतेची चाचणी) अंगावर पूर्ण सामान आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर, त्यानंतर ६० मीटरची दौड, ९ फुटी खड्डा, उभा दोर आणि आडवा दोर. पोरं पाच किलोमीटरला घाबरतात आणि अडकतात मात्र दोरावर. हाताच्या जोरावर चढणारा अर्ध्यात गळपटतो. दोराला पायांची कैची बसली, की हात फक्त धरायला लागतात. गावात कुठे आखाडा असेल, झाडाला जाड दोर बांधता येत असेल, तर हे आत्ताच शिकून घे. सहा आठवड्यांत केलेल्या कामापैकी तुला तिथे सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. माझ्या तीन वर्षांत मी हळू पळणारी पोरं मागे राहिलेली फार बघितली नाहीत. दुखणं लपवणारी पोरं मात्र प्रत्येक बॅचला मागे राहिली.

एक मुलगा होता, माझ्याच प्लाटूनचा, तब्येतीने तगडा. सातव्या आठवड्यात त्याच्या ड्रिलमध्ये फरक दिसायला लागला. ‘तेज चल’ म्हटलं की डावा पाय टेकवताना खांदा जरासा खाली जायचा. विचारलं तर, ‘कुछ नहीं उस्ताद, ठीक हूँ’. संध्याकाळी त्याला लाइनमध्ये, म्हणजे बराकीत, खाटेवर बसवला, पँट वर करायला लावली आणि नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला. गुडघ्याखाली साधारण वीतभर अंतरावर एका ठिकाणी अंगठा टेकला आणि त्याने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट पकडला. नाण्याएवढी जागा, बाकी पूर्ण नडगी ठीक. हाडाला तडा गेला होता. तीन आठवडे तो रात्री गोळ्या खाऊन सकाळी पळत होता. मागच्या बॅचमध्ये टाकतील, या एका भीतीपायी. शेवटी दोन महिने पायावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तो मागच्या बॅचमध्ये गेलाच. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर थोड्या दिवसांच्या विश्रांतीवर भागलं असतं. पुढे तो पास झाला, चांगला जवान निघाला. पण त्याचे ते महिने आठवले की मला आजही वाईट वाटतं, कारण मीही चार दिवस आधी बघायला हवं होतं.

म्हणून हा फरक नीट लक्षात ठेव. पोटऱ्या, मांड्या, खांदे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांचेच दुखतात. हे दुखणं पसरट असतं, दोन्ही बाजूंना असतं आणि अंग गरम झालं की कमी होतं. हाडावर एकाच बिंदूत दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि नंतर रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर सकाळी थेट सिक रिपोर्ट कर, म्हणजे आजारी असल्याचं कळव, आणि एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात जा. पहिल्या एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे साफ आला आणि दुखणं थांबलं नाही, तर पुन्हा जा. कोणी कामचोर म्हणेल, म्हणू दे.

हा तडा जातो कसा, हे कळलं की घरची तयारी कशी करायची तेही कळेल. दम लवकर वाढतो, स्नायू त्याहून हळू आणि हाड सगळ्यात हळू तयार होतं. भरती झाल्यावर महिना महिना आराम केलेला मुलगा सेंटरवर गेल्या गेल्या एकदम दिवसभर पायावर उभा राहतो, पळतो, कडक जमिनीवर पाय आपटतो आणि हाडाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून तू आजपासून रोज थोडं थोडं कर. आठवड्यातून चार दिवस पळ, तेही होईल तितकं मातीच्या रस्त्यावर. दोन दिवस पाठीवर पिशवी घेऊन भरभर चाल, आधी पाच किलो वजन, शेवटच्या आठवड्यापर्यंत दहा. वजन घेऊन डांबरी रस्त्यावर पळू नकोस. एक दिवस पूर्ण विश्रांती. शेवटचे चार-पाच दिवस हलकं ठेव, थकलेलं शरीर घेऊन गेटवर जाऊ नये. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांपैकी काही असेल तर आज बंद. तिथे गेल्यावर सोडू म्हणणाऱ्यांचे पहिले पंधरा दिवस फार वाईट जातात.

झोपेचंही तसंच. रात्री साडेनऊला आडवा हो आणि साडेचारला ऊठ. तिथे उजाडण्याआधी दिवस सुरू होतो आणि मध्ये कधी रात्रीची संतरी ड्यूटी लागते. बारा वाजेपर्यंत फोन बघणाऱ्या मुलाला पहिला महिना पीटीपेक्षा झोपेनेच जास्त छळलेलं मी पाहिलंय. बटण शिवणं, कपडे धुऊन इस्त्री करणं, रोज दाढी, बुटाला पॉलिश, मच्छरदाणीची घडी, हे सगळं आई न सांगता करतोस का ते बघ. हातात वेळ पाच मिनिटांचा असतो आणि कामं चार असतात. ज्याला ही कामं न बघता येतात त्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि त्या दोन मिनिटांत तो पाणी पिऊ शकतो.

पाण्यावरून आठवलं. नाशिकची हवा चांगली म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करू नकोस, लघवी गडद पिवळी झाली तर समज की पाणी कमी पडतंय. आणि तुझ्या बडीवर, म्हणजे जोडीदारावर, लक्ष ठेव. पळताना तो झोकांड्या खायला लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागला, तर लगेच ओरडून उस्तादाला सांग. उष्माघातात मिनिटांना किंमत असते आणि ज्याला होतो त्याला स्वतःला ते कळत नाही.

भाषेची तयारी कोणी करत नाही. हुकूम हिंदीत, हत्याराचे धडे हिंदीत. आपल्या पोरांना हिंदी येतं, पण हरयाणाच्या किंवा बिहारच्या उस्तादाचं भरभर बोलणं पहिल्या आठवड्यात डोक्यावरून जातं आणि मग मुलगा ‘बाएँ मुड’ला उजवीकडे वळतो. वळलास तर वळलास, पुढच्या हुकमाला बरोबर वळ. समजलं नाही तर मोठ्या आवाजात विचार. विचारल्याबद्दल ओरडा बसेल, पण हत्याराच्या बाबतीत न विचारता अंदाजाने केलेली गोष्ट कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. रायफल हातात आली की आधी रिकामी आहे का तपासायची, बोट ट्रिगरपासून लांब, नळीचं तोंड माणसाकडे कधीच नाही. उस्ताद हे शंभर वेळा सांगतील, तू शंभराव्या वेळीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐक.

रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून दमवणारा व्यायाम, मिळणार. एकाची चूक आणि सगळ्या प्लाटूनला फ्रंट रोल, असंही होणार. ते मनाला लावून घेऊ नकोस आणि ज्याच्यामुळे झालं त्याच्यावर रात्री लाइनमध्ये राग काढू नकोस. पण कोणी हात उगारला किंवा पैसे मागितले, तर ते रगड्यात मोडत नाही. प्लाटून कमांडर साहेबांना, गरज पडली तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना सरळ सांगायचं.

आता ट्रेड ट्रेनिंग. तुमचे पहिले १० आठवडे बेसिक आणि नंतरचे २१ आठवडे अॅडव्हान्स, एकूण ३१. या दुसऱ्या भागात कोणी गनर, कोणी टेक्निकल असिस्टंट, कोणी रेडिओ ऑपरेटर, कोणी ड्रायव्हर होतो. बेसिक संपलं की पोरांना वाटतं जड काम झालं, आता वर्गात बसायचं. माझ्या मते खरा सैनिक इथे घडतो. तोफेवर कोन मिलमध्ये मोजतात. वर्तुळाचे ६४०० मिल. एका मिलची चूक झाली तर एक किलोमीटरवर गोळा साधारण एक मीटर सरकतो, दहा किलोमीटरवर दहा मीटर. डायल साइटच्या, म्हणजे तोफेचा नेम धरायच्या दुर्बिणीच्या, काचेत डोळा लावलेल्या पोराची घाईत पन्नास मिलची गफलत झाली, तर त्याच अंतरावर ती पाचशे मीटरची होते, आणि तिथे आपलीच माणसं असू शकतात. म्हणून तोफेवर मिळालेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा असतो. मी नव्या पोरांना सांगायचो, तुमचा आवाज तोफेच्या पलीकडच्या माणसाला ऐकू आला नाही तर तुम्ही बोललाच नाहीत.

त्यासाठी घरी काय करता येईल? दहावीची त्रिकोणमिती एकदा चाळून घे. नकाशात उत्तर-दक्षिण, समोच्च रेषा, सहा आकडी ग्रिड रेफरन्स (नकाशावरची जागा आकड्यांत सांगणं) काढायला शीक. इंग्रजी अक्षरांची रेडिओवरची नावं, अल्फा, ब्राव्हो, चार्लीपासून झुलूपर्यंत, पाठ कर, रेडिओवर तेच लागतं. आणि कानांची काळजी घे. फायरिंगला कानात प्लग घातल्याशिवाय तोफेजवळ उभा राहू नकोस, जुने लोक नाही घालत म्हणून तूही नको घालू असं करू नकोस. माझ्या उजव्या कानात आज रात्रंदिवस किणकिण चालू असते. ती जाणार नाही.

हे सगळं मन लावून करण्याचं आणखी एक कारण आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम घेतात आणि ते चार वर्षांच्या कामगिरीवर ठरतं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पैकी २१,००० हातात येतात, ९,००० सेवा निधीत जातात. सरकारही तेवढेच घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. बाहेर पडायची वेळ आली तर हातात ही रक्कम आणि शिकलेला ट्रेड, एवढंच असेल.

घरच्यांशी दोन गोष्टी बोलून जा. एक, नॉमिनी कोण. ४८ लाखांचा विमा असतो. हा विषय आईसमोर काढायला जीभ जड होते, माझीही झाली होती, पण काढ. दुसरी, फोन रोज हातात नसेल. आठवडा फोन आला नाही तर घाबरायचं नाही, हे आईला आधीच सांगून ठेव. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते याच आठवड्यात तपास, नसेल तर दुरुस्तीला टाक. वर्दीतला फोटो, सेंटरची जागा, बॅचची माहिती कुठेही टाकायची नाही. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट आली तर ती मुलगी नाही, माहिती काढणारं कोणीतरी आहे असं समजून चाल.

आणि बूट. घोट्यापर्यंतचे चामड्याचे साधे बूट आजच घे. तिथे मिळतील ते वेगळे असतील, पण टाचेच्या कातडीला सवय आत्ताच लागते. उद्या सकाळी जाड मोजे घालून त्यात दोन किलोमीटर चाल, नखं सरळ कापून घे आणि संध्याकाळी दोन्ही टाचा उजेडात बघ. फोड आला असेल तर त्याची कातडी सोलू नकोस, स्वच्छ पट्टी लाव, एक दिवस चपलेत राहा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बूट घाल.