घाटात गिअर कोणी ठरवायचा?

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. अलीकडेच दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि सहा गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची एक वेगवान सेडान सेकंडहँड घेतली. महामार्गावर गाडी अप्रतिम चालते. परंतु रेल्वे गेट उघडल्यावर रांगेतून सरकताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात. जांबोटी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेपावते. चोर्ला घाट उतरताना ती वरच्या गिअरमध्येच धावत राहते. गिअरबॉक्स खराब आहे का? थांबल्यावर न्यूट्रल करावे का, आणि सतत ‘एस’ (स्पोर्ट) मोडमध्ये गाडी चालवावी का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी या प्रकारच्या गिअरबॉक्सच्या स्वभावात बसणाऱ्या आहेत, त्यामुळे केवळ त्यांवरून बिघाडाचा निष्कर्ष काढू नये. तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग, नाही. तेलात बुडालेले दोन क्लच आहेत. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स, तर दुसऱ्याकडे दुसरा, चौथा आणि सहावा गिअर असतो. एका क्लचवर गाडी धावत असताना गिअरबॉक्सचा संगणक दुसऱ्या क्लचच्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) पुढचा गिअर आधीच लावून ठेवतो आणि बदलाच्या वेळी एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो. फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२ या गाडीत ही रचना विक्रीस आणली, तेव्हा तिच्या गिअर बदलण्याच्या वेगाचे मोठे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. मात्र पुढे कोणता गिअर लागेल, हा संगणकाचा अंदाज असतो आणि तो तुमच्या पायाच्या हालचालीवरून बांधलेला असतो. पाय घुटमळला की अंदाज चुकतो.

रेल्वे गेटच्या रांगेत नेमके हेच होते. गाडी थोडी पुढे सरकते, संगणक दुसरा गिअर घालतो, पुढचे वाहन थांबते, तुम्ही ब्रेक दाबता, पहिला गिअर परत येतो आणि तेवढ्यात तुम्ही पुन्हा ॲक्सिलरेटरला स्पर्श करता. दर वेळी अर्धवट धरलेला क्लच घासतो आणि तापतो. यावर उपाय एकच : पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर सुटू द्यावे, मग ब्रेक पूर्ण सोडून गाडी आपोआप सरकू द्यावी आणि थांबायचे तेव्हा ब्रेक ठामपणे दाबावा. ब्रेक नीट दाबलेला असताना क्लच मोकळा होतो, म्हणून थोड्या थांब्यासाठी न्यूट्रल करण्याची गरज नाही. ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवला, तर मात्र क्लच घासत राहू शकतो. गेट बराच वेळ बंद राहणार असेल, तर ब्रेक दाबून आधी हँडब्रेक ओढावा, मग पी (पार्किंग) निवडावे आणि इंजिन बंद करावे. हा क्रम उलटा झाला, तर उतारावर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या पार्किंगच्या लहानशा खटक्यावर येतो आणि पी मधून काढताना ‘टक्’ असा आवाज येतो. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा. क्लच जाळण्याचा तो हमखास मार्ग आहे.

ओव्हरटेकचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तिथे जीव पणाला लागतो. आपल्याकडे गळीत हंगामात उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथ गतीने चाललेले असतात आणि त्यांतील अनेकांना रात्री मागे धड दिवाही नसतो. सहाव्या गिअरमध्ये त्यांच्यामागून जाताना पाय एकदम तळाला दाबला की संगणकाला एकाच वेळी अनेक पायऱ्या खाली यायचे असते. सहाव्यावरून पाचव्यावर किंवा तिसऱ्यावर येताना क्लच बदलतो, त्यामुळे दुसऱ्या शाफ्टवर गिअर लागेपर्यंत पहिला शाफ्ट गाडी ओढत राहतो. परंतु सहावा आणि चौथा हे दोन्ही एकाच क्लचवर असल्याने तो बदल थेट होत नाही. शिवाय टर्बोला दाब तयार करण्यास क्षणभर लागतोच. तुम्हाला जाणवणारी पोकळी या दोन विलंबांची बेरीज आहे. म्हणून समोरचा रस्ता दिसू लागताच, आपल्याच लेनमध्ये असताना, स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने चौथा किंवा तिसरा गिअर घ्या, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर चढलेला पाहा आणि मगच बाहेर पडा. तेव्हा मागितलेली ताकद त्याच क्षणी मिळते. ट्रॅक्टरच्या बाजूला पोहोचल्यावर गिअरबॉक्सने निर्णय घ्यावा, अशी वेळ स्वतःवर कधीही येऊ देऊ नका.

घाटात तर गिअरचा निर्णय चालकाचाच असावा, असे माझे ठाम मत आहे. संगणकाला पुढचे वळण दिसत नाही. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना मॅन्युअल मोडमध्ये तिसरा, आणि तीव्र वळणांच्या पट्ट्यात दुसरा गिअर धरून ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. पावसाळ्यात कणकुंबीपासून पुढे धुके आणि ओला रस्ता असतो. तिथे गिअर वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच उतरवावा, कारण वळणाच्या मध्यावर अचानक आलेल्या इंजिन ब्रेकिंगने पुढच्या चाकांची पकड सुटू शकते. न्यूट्रलमध्ये गाडी उतरवून पेट्रोल वाचते, हा समज चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन इंजिन इंधनपुरवठाच तोडते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन द्यावेच लागते.

‘एस’ मोड गावात वापरू नका. तो खालचे गिअर जास्त वेळ धरतो, त्यामुळे पाय काढताच हिसका बसतो. मोकळ्या चढावर मात्र तो उत्तम.

हे सर्व करूनही झटके कायम राहिले, तर जुन्या मालकाकडील बिले तपासा. या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरना बदलावे लागतात. तेलाची पातळी ते ३५ ते ४५ अंश सेल्सियस असतानाच मोजतात, म्हणून हे काम योग्य संगणकीय उपकरण असलेल्या कार्यशाळेतच करावे, त्यासाठी कोल्हापूर किंवा हुबळीपर्यंत जावे लागले तरी चालेल.

प्रश्न : आमच्या घरात दोन ऑटोमॅटिक गाड्या आहेत, एक फोक्सवॅगन आणि एक बीएमडब्ल्यू. मॅन्युअल मोडमध्ये एकीचा लिव्हर पुढे ढकलला की गिअर वाढतो, तर दुसरीचा कमी होतो. असे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बीएमडब्ल्यूची पद्धत शर्यतीच्या गाड्यांतली आहे. ब्रेक दाबताना शरीर पुढे झुकते, तेव्हा लिव्हर पुढे ढकलून गिअर उतरवणे सोपे जाते, आणि वेग घेताना शरीर मागे रेलते, तेव्हा लिव्हर मागे ओढणे सोपे जाते. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवणार असाल, तर लिव्हरऐवजी पॅडल वापरा; दोन्हींत उजवे पॅडल वर आणि डावे खाली असते.

प्रश्न : माझ्या गाडीत आठ गिअरचा जेडएफ टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. त्यातील तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे मला सांगण्यात आले. तवंदी घाटातून माझी रोज ये-जा असते. काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तेल बदला. गिअरबॉक्स बनवणारी जेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलण्याची शिफारस करते, आणि रोजच्या चढ-उताराचा विचार करता तुम्ही खालची मर्यादा धरावी. या गिअरबॉक्सचा फिल्टर बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकच्या तेलपात्रातच बसवलेला असल्यामुळे पात्रही नवे घालावे लागते, म्हणून खर्चाचा अंदाज विचारताना ते धरले आहे ना, याची खात्री करून घ्या.