आईच्या हातातली सलाईनची सुई सारखी आउट होतेय, नातेवाईकांनी नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की आई न्यूमोनियासाठी अॅडमिट आहे, शुगर आहे, तीन दिवसांत चार ठिकाणी टोचून झालं, हात काळेनिळे पडलेत आणि कारण विचारलं तर सिस्टर म्हणतात "व्हेन (शिरा) नाजूक आहेत". मी स्वतः मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे, बरीच वर्षं हेच करतेय. व्हेन नाजूक असतात हे खरंच, पण तेवढ्यावर विषय संपत नाही.

आधी एक सांगते, आत सुई नसतेच. टोचून झालं की सुई बाहेर काढतो, आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी, आमच्याकडे तिला इंट्राकॅथ म्हणतात. ती कोपराच्या किंवा मनगटाच्या वळणावर असेल तर आईने ताट धरायला हात वाकवला तरी नळी आत दुमडते, शिरेला घासते, की झाली आउट. कॅज्युअल्टीत घाई असते, कोपरातली व्हेन पटकन सापडते, म्हणून तिथे लावतात, त्यात काही चूक नाही, पण वॉर्डात आल्यावर ती बदलून मनगट आणि कोपराच्या मधल्या भागात घ्यायला हवी. मात्र शुगरमुळे किडनीवर परिणाम झालाय, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलंय असं असेल तर हे उलटं, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूला लावा म्हणायचं, कारण पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिश्चुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायला वरच्या शिरा शाबूत लागतात. हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा.

रंग बघा. हिरवी १८ नंबर, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४, नंबर वाढला की नळी बारीक. नुसत्या अँटिबायोटिकला वयस्कर बाईला निळी बहुतेक वेळा पुरते. जाड नळी बारीक शिरेत घातली की भोवतून रक्त वाहायला जागाच राहत नाही, औषध तिथेच साचून शीर पेटते. पोटॅशियमसारखी काही औषधं तर मुळातच जळजळतात, ती नीट पातळ करून हळूहळू जावी लागतात, म्हणून सलाईन लवकर संपावं म्हणून सलाईनच्या नळीवरची चकरी फिरवून वेग वाढवणारे नातेवाईक बघितले की आमचं बीपी वाढतं.

आता जे सगळ्यात जास्त गाळलं जातं ते, फ्लश. औषधाच्या आधी आणि नंतर नॉर्मल सलाईन सिरिंजने ढकलायचं, आणि त्याच्या आधी इंट्राकॅथच्या टोपणाचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने घासून कोरडं होऊ द्यायचं. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असले की हे राहतं, मी नाकारणार नाही. भांडू नका, पण "सिस्टर, फ्लश केलं का?" एवढं गोड विचारलं तर कोणी रागवत नाही.

दुसरं म्हणजे पांढऱ्या चिकटपट्टीचे थरावर थर. आत काय चाललंय कोणालाच दिसत नाही. पारदर्शक ड्रेसिंग मागा, त्यावर लावल्याची तारीख लिहून घ्या. तिथे लाल, गरम, दोरीसारखं कडक लागलं तर शिरेला सूज आलीय, आणि थंडगार, ताणलेली फुगवटी असेल तर सलाईन शिरेबाहेर चाललंय. दोन्हीत लगेच सांगायचं. वरून थ्रॉम्बोफोब मलम चोळून त्याच नळीतून पुढचा डोस द्यायचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही, आधी नळी काढायची, मग मलम.

"तिसरा दिवस झाला, बदला" असा हट्टही धरू नका. ऑस्ट्रेलियात ३,२८३ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ठरलेल्या दिवशी बदला किंवा गरज पडेल तेव्हा, शिरेची सूज दोन्हीकडे ७ टक्केच. अर्थात हे तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक शिफ्टला कोणीतरी जागा बघतं. एकाच माणसाला नळी लावायला दोनदा जमलं नाही तर "दुसऱ्या कोणाला बोलवता का" हे बिनधास्त म्हणा, आणि अँटिबायोटिक दोन आठवडे चालणार असेल तर पिक लाईनबद्दल (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी) डॉक्टरांना विचारा.

पण माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात कामाचा प्रश्न राउंडला विचारायचा, "आज या नळीची गरज आहे का?" सलाईन बंद, गोळ्या सुरू, आणि नळी तशीच, "असू दे, लागली तर" म्हणून. अशा विनाकामाच्या नळ्यांतूनच जंतू रक्तात जातात.

शेवटी तुम्ही विचारलंय की डिस्चार्जला नळी ठेवून रोज जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं तर चालेल का. आधी डॉक्टरांना गोळीवर नेता येतं का विचारा, बऱ्याचदा येतं. नाहीच आलं तर अंघोळीला प्लास्टिक गुंडाळा, रोज जागा बघा, आणि थंडी वाजून ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटलला जा. काढल्यावरही दोन दिवस जागेवर लक्ष असू द्या, काहींना सूज तेव्हा येते.