कलम ५०१ आणि ट्रायब्यूनलचे नऊ दिवस

पीआर (कायम वास्तव्याचा व्हिसा) मिळाल्यानंतर मारामारीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ऑस्ट्रेलिया खरोखरच परत पाठवते का आणि त्याविरुद्ध दाद मागता येते का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींचे उत्तर 'होय' असेच आहे. मी वकील नाही. मात्र मेलबर्नमधील एका मित्राच्या अशा सुनावणीत मी साक्षीदार होतो.

१९५८ च्या स्थलांतर कायद्यातील कलम ५०१ प्रमाणे १२ महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा सुनावली गेली की माणूस 'कॅरेक्टर टेस्ट'मध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या चारित्र्याच्या कसोटीत, नापास होतो. शिक्षा स्थगित असली किंवा भारतातल्या न्यायालयाने दिलेली असली तरी ती मोजली जाते, आणि लहान लहान शिक्षांची बेरीजही धरली जाते. अशी शिक्षा झालेला माणूस तुरुंगात असेल, तर डिसेंबर २०१४ पासून त्याचा व्हिसा रद्द करणे अधिकाऱ्यांवर बंधनकारकच आहे. त्यानंतर व्हिसा परत द्यावा असे निवेदन २८ दिवसांत द्यायचे असते.

ते निवेदन अधिकाऱ्याने फेटाळले, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्यूनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येते. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रायब्यूनलची जागा त्याने घेतली आहे. देशात असलेल्या माणसाला अर्जासाठी निर्णय कळल्यापासून फक्त ९ दिवस मिळतात, सुट्ट्या धरून, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. ट्रायब्यूनलने ८४ दिवसांत निकाल दिला नाही, तर अधिकाऱ्याचा निर्णय कायम झाला असे मानले जाते, म्हणजे विलंबाचा तोटा अर्जदारालाच.

त्याहून जाचक नियम पुराव्याचा आहे. साक्षीदार तोंडी जे सांगणार, ते सुनावणीच्या किमान दोन कामकाजाच्या दिवसांआधी लेखी स्वरूपात सरकारी पक्षाला मिळालेले नसेल, तर ट्रायब्यूनलला ते विचारात घेता येत नाही. मित्राची थोरली बहीण साक्षीसाठी नाशिकहून आली होती. तिचे निवेदन त्याच्या वकिलाने एक दिवस उशिरा पाठवले, सुनावणी पुढे ढकलायला ८४ दिवसांत जागा उरली नव्हती, आणि ती बिचारी बाहेर बाकावर बसून राहिली.

तिथे गुन्हा झाला की नाही यावर पुन्हा वाद होत नाही; व्हिसा परत द्यावा का, एवढेच नव्याने ठरते. जून २०२४ पासून लागू असलेल्या, इमिग्रेशन मंत्र्याच्या ११० क्रमांकाच्या निर्देशानुसार समाजाचे संरक्षण, कौटुंबिक हिंसाचार, इथले नातेसंबंध, अल्पवयीन मुलांचे हित आणि समाजाची अपेक्षा हे मुद्दे तोलले जातात, आणि त्यांत संरक्षणाला सहसा जास्त वजन असते. 'मुलगा गुणी आहे, गणपतीत राबतो' अशी पंधरा पत्रे जोडली होती; माझ्या मते त्यांचा उपयोग शून्य झाला, कारण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना गुन्हा काय होता हेच ठाऊक नव्हते. दारू सोडल्याच्या उपचाराच्या नोंदी आणि मुलीच्या शाळेचे पत्र मात्र कामी आले आणि व्हिसा परत मिळाला. अर्थात, मंत्र्याने स्वतः व्हिसा रद्द केला असेल, तर ट्रायब्यूनलची वाट बंद असते आणि केवळ कायदेशीर चुकीच्या मुद्द्यावर फेडरल कोर्टात जावे लागते. शिवाय ट्रायब्यूनलने दिलेला अनुकूल निकालही मंत्री फिरवू शकतो.

सांगलीतल्या ज्या जुन्या खटल्यात तुम्ही निर्दोष सुटलात, त्याबद्दल व्हिसाच्या अर्जात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्या आणि निकालपत्राची प्रत जोडा. निर्दोष सुटका ही शिक्षा नव्हे, पण लपवाछपवी हे व्हिसा नाकारण्याचे स्वतंत्र कारण ठरते. आणि नागरिकत्वाची अट पूर्ण झाली, म्हणजे साधारणपणे ४ वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि त्यातले शेवटचे वर्ष पीआरवर, की लगेच अर्ज करा, कारण नागरिकाकडे रद्द करण्यासारखा व्हिसाच नसतो. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून आमच्यातले कितीतरी जण पीआरवरच थांबतात. तो मित्रही सतरा वर्षे तसाच थांबला होता.