भरवशाची सुरुवात रोजच्या भाकरीपासून

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्यांना माझा सल्ला असा की, देवावर भरवसा ठेवायला शिकण्यासाठी मोठ्या संकटाची वाट पाहू नये. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात इस्राएल लोकांना, शब्बाथाचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आदला दिवस सोडला तर, मान्ना (रानात देवाने पुरवलेले अन्न) त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता आणि हट्टाने सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण आजची भाकर मागतो, वर्षभराची नव्हे. म्हणून रोज सकाळी एकच नेमकी चिंता, मग ती मुलाच्या फीची असो वा आईच्या रक्ततपासणीची, देवापुढे मांडा आणि रात्री तिचे काय झाले ते वहीत लिहा. उत्तर मिळाले नसेल तर तेही लिहा. देव आपल्याला विसरला का, या तक्रारीनेच 13 वे स्तोत्र सुरू होते, आणि अशी तक्रार मला तरी अविश्वासाची वाटत नाही. भरवसा म्हणजे स्वस्थ बसणेही नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनाही केली आणि विहिरीही खणवल्या. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर प्रार्थनेच्या नावाखाली ते बंद करू नका. तसे सांगणारा कितीही भक्तिमान दिसला तरी त्याचे ऐकू नका.